बिनखिशाचे झगे

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी कधीच पुसली गेली. पण मनाला लागलेली एक टोचणी मात्र पुसली जात नाही. आज ती तुम्हाला सांगून टाकते.

कारखान्यातून मी थेट मनोरुग्णालयात आले. बायकांच्या वॉर्डात खिडकीपाशी मला ठेवले. तिथेच एक ताई आल्या. त्यांना स्किझोफ्रेनिया होता. आसपास कुणी नसतानाही आवाज ऐकू येत. सहा महिन्यांत औषधे लागू पडली आणि ताई माझ्यापुढे बसून सगळ्या वॉर्डाचे झगे शिवू लागल्या. सगळे एकाच मापाचे, बिनखिशाचे. खिसा ठेवायचा नाही, असा तिथला नियम होता.

कुणी पाहुणे आले की मेट्रनबाई आम्हा दोघींना कौतुकाने दाखवत. मी फुशारून जाई.

एक दिवस ताईंचा धाकटा भाऊ त्यांना न्यायला आला. त्याने घरी खोली रंगवून घेतली होती, गल्लीतल्या डॉक्टरांशीही बोलून ठेवले होते. मेट्रनबाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण पन्नास झगे व्हायचे होते.

"घाई कसली? छान रमल्यात त्या इथे," त्या म्हणाल्या आणि पुढचे कापड माझ्यावर ठेवले.

"ताई, येतेस ना?" भावाने विचारले.

ताईंचा पाय सवयीने चालू झाला होता. एरवी नको तेव्हा माझा दोरा तुटायचा, त्या दिवशी तुटला नाही. खरे सांगू? मला ते हात सोडायचे नव्हते. मी खडखडत राहिले. त्या खडखडाटात ताईंचे उत्तर भावापर्यंत पोचलेच नाही. मला ते ऐकू आले होते. "येते," म्हणाल्या होत्या.

ताईंना यायचे नाही असे समजून भाऊ एकटाच परतला. पन्नास झग्यांमागून शंभर आले. आधी त्याच्या खेपा थांबल्या, मग पत्रे.

एकोणीस वर्षांनी नव्या डॉक्टरीणबाई आल्या. ताईंना इथे का ठेवले आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा कुणालाच सांगता येईना. निरोप गेला. केस पिकलेला भाऊ दुसऱ्याच दिवशी दारात हजर. मला भंगारात काढले होते; ताईंनीच मागून घेतले. मला मान वर करवेना.

घरी त्यांना आवाज अजूनही कधीमधी येतात. नर्स दर आठवड्याला येऊन गोळ्यांची, झोपेची चौकशी करते. वाईट दिवस असला की शेजारच्या बाई येऊन नुसत्या जवळ बसतात. कितीतरी महिने ताईंनी मला हात लावला नाही. मग एका दुपारी भावापुढे टेप धरून म्हणाल्या, "माझं माप घे."

त्यांनी स्वतःसाठी झगा शिवला. त्याला चांगला खोल खिसा लावला आणि घराची किल्ली त्यात टाकली.

मित्रांनो, कुणी मुकाट्याने काम करत असेल, तर 'रमलाय' म्हणून मोकळे होऊ नका. जरा थांबा, त्याला विचारा आणि उत्तर ऐकू येईपर्यंत थांबा. मी थांबले नाही.