उजव्या कोपऱ्यातलं एक सूत

"थांब! दाबू नकोस!"

दाजी गाडीच्या आतून ओरडले आणि मी बाहेर, दोन्ही तळवे काचेवर ठेवून, होतो तसाच थिजलो. काचेभोवतीच्या रबराची कड चौकटीवर चढावी म्हणून आतून ते रबराच्या खाचेतली दोरी ओढत होते, बाहेरून मी काच हलकेच दाबत होतो. तीन कोपरे मुकाट्याने बसले होते. उजवा वरचा कोपरा मात्र चौकटीवर अडून बसला होता. आणखी थोडा जोर लावला असता तर 'टक्' झालं असतं आणि सगळा खेळ खलास.

कारण या काचेला जोड नव्हती. गाडी साठ वर्षांची, कारखाना केव्हाच बंद पडलेला, आणि अशा वळणाची काच आता कुणी करत नाही. गाडी सिस्टरबाईंची. बाईंनी चाळीस वर्षं इस्पितळात बाळंतपणं केली. गेल्या महिन्यात चढावर पुढच्या टेम्पोने हिसका देऊन एकदम वेग घेतला, त्यातली फळी मागे घसरली आणि बाईंच्या गाडीच्या पुढच्या काचेच्या चौकटीवर उजव्या कोपऱ्यात आदळली. चौकट आत चेपली. काच मात्र रबरातून सुटून अख्खीच्या अख्खी बॉनेटवर येऊन पडली. बाईंनी ती रजईत गुंडाळली आणि रिक्षात मांडीवर घेऊन आमच्या गॅरेजात आल्या. "मान सांभाळून धरा हं, मिस्त्री," म्हणाल्या.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते पत्रा ठोकतात, मी रंग मारतो. आमच्या धंद्यात सोपा रस्ता असतो. खड्ड्यात पुट्टी भरा, घासा, वर रंग मारा. गिऱ्हाइकाच्या बापाला कळत नाही. दाजींसमोर पुट्टीचं नाव काढलं की म्हणणार, "मग मिस्त्री कशाला हवा? गवंडी बोलवा!" पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरायचा, पुढून छोट्या हातोडीने टिपत जायचं, आणि मग डोळे मिटून, पातळ फडकं तळव्याखाली घेऊन डावा हात फिरवायचा. डावाच का? तर म्हणे, "उजवा हातोडीने मेलाय. डाव्याला अजून कळतं." ज्या ठिकाणी मला काचेसारखा गुळगुळीत पत्रा दिसायचा, तिथे त्यांचा हात थांबायचा आणि हातोडी पुन्हा सुरू व्हायची. मी वैतागायचो, पण खरं सांगतो, असा हात मी दुसरा पाहिला नाही.

या चौकटीवर त्यांनी पंधरा दिवस घातले. शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून दोन्ही तिरपी मापं ताडून पाहिली. केसाचा फरक नाही. आणि आता गुरुवारी दुपारी काच बसत नव्हती!

बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांच्या मुलाने सरळ सांगून टाकलं होतं, "आई, शनिवारपर्यंत काच बसली तर गाडी तुझी. नाही बसली तर देऊन टाकू." घेणारा तयारच होता. जुन्या गाड्या जमवणारे एक बडे गृहस्थ. त्यांनी एखाद्या मिस्त्रीला बरं म्हटलं की गावातल्या सगळ्या जुन्या गाड्या त्याच्या दारात.

"ते तिला हॉलमध्ये दोरी लावून उभी करतील हो," बाई म्हणाल्या. "माझ्या तीन म्हाताऱ्या आहेत अंथरुणाला खिळलेल्या. रोज सकाळी जाऊन त्यांना पुसून काढते, कूस बदलून देते. मी गेले नाही तर कोण जाणार?"

दाजींनी काच काढून रजईवर ठेवली. तिच्या कडेने पुठ्ठ्यावर पेन्सिल फिरवली, पुठ्ठा कापला आणि तो उलटा करून पुन्हा काचेवर ठेवला. उजव्या कोपऱ्यात कडा जुळेनात. मग कपाळावर हात मारून हसायलाच लागले.

"अरे, काच पहिल्यापासूनच वाकडी! उजवा कोपरा एक सूत वर आहे."

एक सूत म्हणजे फार नाही, दोन नाणी एकावर एक ठेवली तर होते तेवढी जाडी.

"म्हणजे?" मी म्हटलं.

"म्हणजे चौकटही तशीच होती. त्या काळी सगळं हातानेच व्हायचं. तिथल्या कुणा मिस्त्रीची चौकट एक सूत चुकली, तर पठ्ठ्याने काच तिच्या मापाची कापली आणि गप्प बसला. आणि मी शहाणा! अपघाताबरोबर त्याचं सूतही सरळ करून बसलो."

"मग आता?"

"आता काय, वाकडी करायची."

"पंधरा दिवस घालून सरळ केलेली?"

"पेंटरसाहेब, गाडी तिची, काच तिची. आपला शहाणपणा कोण विचारतो?"

सरळ करण्यापेक्षा मापात वाकडं करणं अवघड, हे मला त्या दिवशी कळलं. रात्रीचं जेवण ताईने डब्यात पाठवलं, ते तसंच राहिलं. शुक्रवारी दुपारपर्यंत दाजी तो कोपरा टिपून टिपून वर घेत होते आणि पुठ्ठा लावून पाहत होते. मी रंगाचा हात मारला, तो सुकला, आणि संध्याकाळी आम्ही पुन्हा काच लावली. दाजींनी दोरी ओढली. रबराची कड कोपऱ्याकोपऱ्याने चौकटीवर चढत गेली. उजव्या कोपऱ्यावर 'टक्' ऐकू येतंय का म्हणून मी कान टवकारले. आवाज आला नाही.

बाईंनी डोळे पुसले. "आयुष्यभर बाळ रडायची वाट बघितली, मिस्त्री. आवाज येऊ नये म्हणून आजच देवाला हात जोडले."

शनिवारी मुलगा आला, आणि ते गृहस्थही आले. सहज बघायला म्हणे! आल्या आल्या खिशातून टेप काढला आणि चौकटीची तिरपी मापं घेतली.

"फरक आहे," ते म्हणाले. मग मुलाकडे वळले. "हे बघा, अशा काही गाड्या कारखान्यातूनच अशा निघाल्या होत्या. ही तशीच मूळची असेल तर मी बोललो त्याच्या दुप्पट देईन. फार दुर्मीळ आहेत. पण दुरुस्तीत बिघडली असेल तर मला फुकटही नको."

"दुप्पट?" मुलगा म्हणाला. त्याने आईकडे पाहिलं नाही.

माझी छाती फुगली. दाजींचं कसब आता जगाला कळणार! मी तोंड उघडलं, आणि दाजींनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला रगडून दिला.

"दुरुस्तीत झालं, साहेब," ते म्हणाले. "माझ्याच हातून."

"चाळीस वर्षं हातोडी चालवताय ना तुम्ही? पोरसवदा कारागीरही याहून बरं करतो. आता घरी बसा."

"हो, साहेब."

गृहस्थ निघून गेले. मुलगा आईला म्हणाला, "घे मग, ठेव तुझी गाडी," आणि दाजींकडे असा काही कटाक्ष टाकला की मला हातोडी उचलावीशी वाटली. बाईंना सगळं ठाऊक होतं. खरं सांगायला त्या पुढे आल्या. दाजींनी मान हलवून त्यांना नको म्हणून सांगितलं.

ते दोघे गेल्यावर मी भडकलो. "दाजी, नाव घालवलंत! आता एक जुनी गाडी येणार नाही आपल्याकडे."

"नाव माझंच होतं ना? तुझं तर नाही ना घालवलं?" ते म्हणाले आणि डबा उघडून बसले.

खरंच, त्यानंतर एकही जुनी गाडी आली नाही. आम्ही स्कूटरचे मडगार्ड ठोकतो, टेम्पोची दारं सरळ करतो. मला अजून राग येतो. दाजींना येत नाही.

रोज सकाळी सव्वासातला ती गाडी आमच्या दारावरून जाते. बाई हॉर्न वाजवत नाहीत. स्टिअरिंगवरचा एक हात उचलून चौकटीच्या उजव्या कोपऱ्याला बोटं लावतात, आणि पुढे जातात. दाजी वर बघत नाहीत. फक्त गाडी वळणाआड जाईपर्यंत हातोडी थांबवतात.