पुसलेले बुडबुडे

आजोबांचा जुना विद्यार्थी लेन पडनी आमच्या घरी कधीच दार वाजवून येत नाही. मंगळवारी तो मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात शिरला, कागदात गुंडाळलेला एक मग टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काय रे क्लिफ, कधी मेलास? कळवायचं तरी!"

आजोबा टोस्टला लोणी लावत होते. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, तो मग उचलला आणि तसाच धरून बसले.

मगावर त्यांचाच फोटो होता. बुडालेल्या पाणबुडीतून निसटून वर कसं यायचं, हे नौदलाच्या खलाशांना आमच्या गॉस्पोर्टमधल्या उंच टाकीत शिकवत. आजोबा तिथले शिक्षक. तरुणपणी नाकाला चिमटा लावून ते सरळ वर येतायत, असा तो फोटो. मूळ प्रत आमच्या जिन्यापाशी टांगलेली आहे, लहानपणापासून जाता-येता मी ती पाहिलीय. त्यात त्यांच्या तोंडातून बुडबुड्यांचा झोत निघालाय, ओठांशी बारीक आणि वर जावं तसा फुगत गेलेला. कॉलेजात वायूंचे नियम शिकताना माझ्या डोळ्यांपुढे हाच झोत यायचा. तीस मीटर खाली घेतलेला श्वास वर पोचेपर्यंत चौपट होतो. म्हणून येताना सतत फुंकत राहायचं. जो श्वास कोंडून धरतो, त्याचं फुप्फुस फाटतं.

मगावर एकही बुडबुडा नव्हता.

"पुसलेत," मी तो मग उजेडात फिरवत म्हणाले. "जुन्या फोटोवरचे डाग समजून पुसलेत, आजोबा."

"डाग?" आजोबांचा आवाज चढला. "तो माझा श्वास आहे, टॅम्सिन!"

लेनने वाकलेल्या बोटाने मगावरच्या आजोबांच्या पोटावर टकटक केलं. "फुंक, क्लिफ, फुंक!" आणि खो-खो हसला. टाकीत कुणाचे बुडबुडे थांबले की शेजारी पोहणारा शिक्षक त्याच्या पोटात गुद्दा हाणायचा, हवा बाहेर पडलीच पाहिजे म्हणून. लेनने आजोबांच्या हातचे असे दोन खाल्ले होते.

"हसू नकोस, गाढवा. शनिवारी टाकीतल्या आपल्या सगळ्यांचं वार्षिक जेवण आहे."

"म्हणून तर आणला. क्लबने त्यांच्याकडच्या प्रतीवरून छापून घेतलेत. सगळ्यांच्या ताटाशी एकेक ठेवणार आहेत. भेट."

"मग मी येत नाही. जन्मभर ज्यांच्यावर फुंका-फुंका म्हणून ओरडलो, त्यांच्यासमोर असं तोंड मिटून बसू? नवशिकासुद्धा असं करत नाही."

लेनचं हसू विरलं. चाळीस वर्षांत आजोबांनी हे जेवण एकदाही चुकवलेलं नव्हतं.

दुपारी मी त्यांना घेऊन मग छापणाऱ्या बंदराजवळच्या दुकानात गेले. मूळ फोटो चौकटीसकट त्यांच्या काखेत होता. दुकानाच्या मालकीण फॅरंटबाईंनी फोटो आणि मग शेजारी धरून पाहिलं.

"किती स्वच्छ झालाय ना?" त्या कौतुकाने म्हणाल्या.

"बाई, या चित्रातला माणूस मरतोय," आजोबा म्हणाले.

"अहो, छान दिसतोय की! रुबाबदार आहे."

मी दाब आणि आकारमान समजावू लागले. त्या मान डोलावत होत्या, पण डोळे दारातल्या गिऱ्हाइकाकडे. शेवटी म्हणाल्या, "पोरी, हा फक्त चहाचा मग आहे. कोणाच्या लक्षात येणार आहे?"

आजोबा फोटो काखेत मारून बाहेर पडले. घरी येईपर्यंत त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल होत्या. माझ्याही असतील. चूक झाली याचा मला तितका राग नव्हता. दाखवल्यावरही ती चूक कुणाला चूक वाटेना, याचा होता.

शनिवारी ते खरंच तयार होईनात. मी फोटो पिशवीत घातला आणि म्हणाले, "तुम्ही नाही आलात तर तिथे तुमच्या जागी तो मगच बसणार." तेव्हा उठले, पण क्लबच्या दाराशी अडून राहिले. आत जाईनात.

आत म्हातारे आपापल्या खुर्च्यांवर टेकत होते. मी दारातून पाहत होते. एकाने ताटाशी ठेवलेला मग उचलला, डोळ्यांजवळ नेला, कपाळाला आठ्या घातल्या आणि बोटाच्या सांध्याने चित्रातल्या पोटावर ठोकलं. पलीकडच्यानेही ठोकलं. लेनने कोणाला काही सांगितलेलं नव्हतं, तो तर अजून कोट काढत होता. टेबलभर टकटक सुरू झाली.

"फुंक रे, क्लिफ मॅडविक!" कोणीतरी ओरडलं. "श्वास का कोंडलाय याने?"

"फुंकतोच आहे मी!" दारातून आजोबा गरजले. "पुसलाय त्यांनी!"

माझ्या हातून पिशवी घेऊन ते तरातरा आत गेले. पिशवीतला फोटो काढून त्यांनी टेबलाच्या मधोमध उभा केला. सगळे वाकले.

"अरेच्चा, झोत बघा केवढा!"

"आणि हा पुसला? कोणी?"

"स्वच्छ झालाय म्हणाली दुकानातली बाई," आजोबा म्हणाले. "आणि म्हणते, कोणाच्या लक्षात येणार आहे?"

मग लेनने नुकताच काढलेला कोट पुन्हा चढवला. "रोस्ट गार होईल," कोणीतरी कुरकुरलं. "होऊ दे," लेन म्हणाला.

दुकान क्लबच्याच रस्त्याच्या टोकाला होतं. काठ्या टेकत सगळे निघाले, प्रत्येकाच्या हातात मग. फॅरंटबाईंच्या गल्ल्यासमोर रांग लागली. एकेकाने पुढे होऊन चित्रातल्या पोटावर बोट ठोकलं, हातातला मग खाली ठेवला आणि बाजूला झाला.

"हे काय चाललंय?" बाई गोंधळल्या.

सर्वांत शेवटी आजोबा होते. त्यांनी ठोकलं नाही. आपला मग इतरांच्या ओळीत नीट लावला.

"आमच्या लक्षात आलं," ते म्हणाले. "बुडबुडे परत आले की घेऊन जाऊ."