माझ्या पोटातली एक्केचाळीस नावं

मी एक जुना लॅपटॉप आहे. एका रक्तपेढीत, खिडकीजवळच्या टेबलावर मी नऊ वर्षं काढली. कालपासून मी त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात आहे आणि माझ्या पाठीवर 'पुसणे' अशी चिठ्ठी आहे. सोमवारी माझ्या पोटातलं सगळं पुसलं जाईल. मित्रांनो, त्याआधी माझं ऐका.

कारखान्यातून आलो तेव्हा मी नुसता चकाकत होतो. रक्तपेढीतल्या ताईंच्या हाती पडलो आणि त्यांच्या बोटांनी माझ्या बटणांवरची अक्षरं झिजली. पुढे मी तापू लागलो, रडतखडत सुरू होऊ लागलो. लोक म्हणत, "भंगारात द्या तो डबा." ताई म्हणत, "राहू द्या हो, आमचं दोघांचं जमतं."

ताईंनी माझ्यात एक यादी केली होती. फार थोड्यांच्या अंगात असतं, अशा रक्ताची एक्केचाळीस माणसं. पेढीच्या नोंदीतले नंबर कधीच बदललेले. ताईंनी मात्र एकेकाला हुडकून काढलं होतं. नावापुढे टिपणंही होती : 'सुईला घाबरतो, बोलत राहावं.' 'शिक्षिका. शाळेच्या कचेरीत निरोप ठेवावा.' त्या यादीच्या जोरावर कितीतरी रोगी आपल्या पायांनी घरी गेले.

मग ताईंच्या सासूबाईंनी अंथरूण धरलं. घरी दुसरं कुणी नाही, म्हणून ताईंनी राजीनामा दिला. काल त्यांचा शेवटचा दिवस. सकाळीच मला परत द्यायची तयारी सुरू झाली. त्यांनी माझ्यातून मुलीचे शाळेतले फोटो काढून घेतले, आपली खासगी खाती काढून टाकली, फडक्याने मला स्वच्छ पुसलं. यादी जेवणानंतर छापून आपल्या जागी आलेल्या नव्या बाईंना द्यायची, असं त्यांच्या मनात होतं.

जेवून आल्या, तर मी उघडेचना. मला उघडायचं, पेढीने दिलेलं त्यांचं खातं पाच वाजता बंद व्हायचं होतं, ते एक वाजताच बंद झालं होतं. त्यांनी पासवर्ड पुन्हा पुन्हा घातला.

"दादा, पाच मिनिटं उघडून द्या," त्या संगणक विभागातल्या माणसाला म्हणाल्या.

"साहेबांची सही आणा ताई. माझ्या हातात काही नाही."

ताईंनी पेढीच्या साहेबांनाच बोलावून आणलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "लोकांची खासगी माहिती तुम्ही परवानगीशिवाय ठेवलीत. पुसली गेलेलीच बरी."

"आणि उद्या कुणाला रक्त लागलं तर?"

"पेढीची नोंद आहे ना?"

"त्यातले नंबर लागत नाहीत हो साहेब! मी नऊ वर्षं फिरवलेत!"

साहेब निघून गेले. ताईंनी कागद ओढला आणि आठवतील तशी नावं आणि नंबर लिहू लागल्या. संगणकवाला शेजारी बसला. "अजून एक आठवा, ताई," मध्येच म्हणायचा. एकोणतीस झाली. मग पेन थांबलं. "फोटो आधी घेतले मी," ताई म्हणाल्या, "फोटो!" आणि त्यांनी कपाळ टेबलावर टेकलं. मी वीतभर अंतरावर होतो. उरलेली बारा नावं माझ्याजवळ होती, आणि मला तोंड नव्हतं.

तो कागद नव्या बाईंच्या हातात देऊन ताई गेल्या. जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, आपल्या माणसांचे फोटो जरूर जपा. पण ज्या यादीवर दुसऱ्याचा जीव टांगलेला आहे, ती आधी द्या. जेवणानंतर नको, शेवटच्या दिवशी तर नकोच. आणि ती एकाच यंत्राच्या पोटात कोंडू नका. आम्ही सांभाळतो, पण आम्हाला हाक मारता येत नाही.

आज सकाळपासून टेबलावरचा फोन थांबलेला नाही. कपाटाच्या फटीतून मला नव्या बाईंचा आवाज येतोय. "एकोणतीसही झाले, डॉक्टर. कुणी गावाला गेलंय, कुणी आजारी आहे, कुणी उचलतच नाही. आता कुणाला विचारू?"

मी इथे आहे. सोमवारला अजून दोन दिवस आहेत. कुणीतरी कपाट उघडा.