हळदी पंखांचं तळं

मी सेतुराम. पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या नोकरीत काढली, त्यामुळे माजलेलं शेवाळ दिसलं की माझं डोकं फिरतं. आमची लेक शांभवी नेमकी उलटी. तंजावूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि दर शनिवारी तिरुवैयारूजवळ आमच्या देवळामागच्या तळ्याकाठी बसून चतुर कीटक मोजायची. पिवळ्याधमक पंखांवर काळे डाग असलेला तो चतुर. अकरा वर्षं एकही शनिवार चुकवला नाही. स्थळ बघू म्हटलं तर म्हणायची, बघा, पण शनिवारी कुणाला बोलावू नका.

"अप्पा, त्या चिखलाला हात लावूं नकां," एकदा म्हणाली होती. "माझीं पोरं निजलींत तिथें." चतुराची पिल्लं पाण्याखाली गाळात, शेवाळात वाढतात, डासांच्या अळ्या खातात, असं बरंच सांगत होती. मी पेपर वाचत होतो.

गेल्या दिवाळीआधी डेंग्यूनं ती चार दिवसांत गेली. मला डासांशिवाय दुसरं काही दिसेना. गेलेल्या माणसाच्या नावानं तळं साफ करून द्यायची आमच्या घराण्याची जुनी रीत. वैशाखात पाणी आटताच मी माणसं लावली, गाळ उपसला, वेली मुळासकट ओढल्या, तळाला सिमेंट घातलं. पायरीवर तिच्या नावाचा दगड बसवला. बायको, कमलाक्षी, त्या दगडावर हात ठेवून रडली. मला वाटलं, लेकीसाठी काहीतरी केलं.

वर्षश्राद्धानंतरच्या शनिवारी तिची विद्यार्थिनी हरिणी, आमच्या तंजावूरच्या मराठी लोकांतलीच मुलगी, वही घेऊन आली. बाईंची मोजणी आजपासून मी चालवते म्हणाली. मीच तिला कौतुकानं तळ्यावर नेलं. पावसाचं पाणी भरलं होतं, इतकं स्वच्छ की तळ दिसावा. ती दुपारपर्यंत दगडाशेजारी बसली. एकही चतुर आला नाही. पाण्यात डासांच्या अळ्या तेवढ्या वळवळत होत्या. ती तळाच्या सिमेंटकडे बघत राहिली, आणि पेपराआडून ऐकलेलं ते सगळं मला आठवलं. पोरीचं जे काही मागं उरलं होतं, ते मी माझ्या हातानं पुसलं होतं.

हरिणीनं वही उघडली. पानभर शांभवीचं अक्षर, खाली रिकामी ओळ. तिचं पेन अडलं.

"शून्य लिही," मी म्हणालो. "आणि शेऱ्याच्या रकान्यांत माझं नांव घाल."