पाणी सोडलं

तुम्ही तुमच्या कागदावर लिहिलंत की म्हातारीनं सूचना पाळली नाही. खोटं लिहिलंत, साहेब. तुमच्या गरम पाण्याच्या कुंडाजवळ सूचना एकच होती, तुमच्याच पाटीवरची: ‘पाण्याचे तापमान ४२ अंश. सर्व वयोगटांसाठी सुरक्षित.’ म्हातारीनं ती अक्षरशः पाळली. पाय बुडवून गप बसून राहिली. आता काय झालं ते ऐका, आणि मधे बोलू नका.

म्हातारीची सून कापड रंगवायच्या कारखान्यात बारा वर्षं हौदावर उभी आहे. पाटी वाचून पाण्यात हात घालणाऱ्यांतली ती नव्हे. सकाळी साडेदहाला त्या पायांच्या कुंडाशी आल्या आल्या तिनं बाही वर सारली आणि आधी कोपर बुडवलं.

“काय गं, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायचंय का?” सासूनं विचारलं.

“तुमच्या पायांना कळत नाही ना, आई. म्हणून माझ्या कोपराला विचारते.”

“माझ्या पायांना सगळं कळतं. मला सांगत नाहीत, एवढंच.”

थट्टा होती, पण खरी होती. साखरेच्या आजारानं सासूचे पाय पोटऱ्यांपर्यंत बधिर झालेले. मागं टाचेत टाचणी रुतली तर बाई दोन दिवस तशीच घरभर फिरत होती. फरशीवर ठिपके दिसले तेव्हा कळलं. डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन बजावलं होतं, या पायांची जखम भरायची नाही, डोळ्यांत तेल घालून जपा. कोमट पाणी चालेल, पण कुणीतरी शेजारी बसलेलं हवं.

पाणी कोमटच होतं. वाफ पाण्यावर अंग टाकून पडली होती. हौदावरच्या बायका वाफेवरूनच पाणी ओळखतात: वाफ निजलेली असली तर हात घाल, उभी राहिली तर लांब हो.

कुंडावर एक राखणदार होता. आवाजामुळं सगळे त्याला भोंगा म्हणायचे. कमरेला वॉकीटॉकी. मधूनच तो त्यात ओरडायचा, “वर, पाणी सोड,” आणि वरून खरखरत उत्तर यायचं, “सोडलं.” मग भिंतीतल्या पाइपातून गार पाण्याची धार कुंडात पडायची.

“झरा तसा कढतच आहे, ताई,” त्यानं सुनेला समजावलं. “वरच्या ओढ्याचं गार पाणी मिसळतो तेव्हा पाय घालता येतात. वर एक चाक आहे, त्यावर आमचा एक माणूस असतो. डावीकडं फिरवलं की पाणी इकडं येतं, उजवीकडं फिरवलं की धबधब्यात जातं.”

“आणि मोजता कशानं?”

“थर्मामीटर होता. मागच्या थंडीत फुटला, तेव्हा साहेबांनी ही पाटी लावली. पाटी फुटत नाही.”

हे ऐकून सुनेला सासूला उठवावंसं वाटलं. पण सासू पायरीवर टेकली होती, डोळे मिटले होते, आणि कित्येक महिन्यांनी तिच्या कपाळावरची आठी गेली होती.

अकराला दहा कमी असताना सासूला चष्म्याची आठवण झाली. लॉकरमध्ये राहिला होता. “माझा लेक खाली फोन घेऊन धबधब्यापुढं उभा आहे. तो दाखवील तो व्हिडिओ मी काय नाकानं बघू? जा, आण.”

“पाच मिनिटं लक्ष ठेवा,” सून भोंग्याला म्हणाली.

“आजी माझ्याच आहेत. जा.”

लॉकरच्या खिडकीशी रांग होती. किल्लीवाला प्रत्येकाचं नाव वहीत शोधत बसलेला. पाच मिनिटांची पंधरा झाली, ती सुनेला आजही खुपतात. ती रांगेत असतानाच खालून धबधब्याचा आवाज वाढला, धाडकन दुप्पट झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. भिंतीवर रंगीत अक्षरांत लिहिलंच होतं: ‘अकराचा महाधबधबा’.

शेवटी चष्मा हातात पडला तेव्हा सुनेनं काचेतून कुंडाकडं पाहिलं. वाफ उभी राहिली होती.

ती पळाली. फरशी ओली, चपला निसटल्या, तशीच अनवाणी पळाली. कुंडाशी एक नवराबायको बाहेर उभे राहून लाल तळवे चोळत होते आणि सासू त्यांना चिडवत होती, “एवढ्यात दमलात? आमच्या वयाचे झालात की काय कराल?” भोंगा पाइपाच्या तोंडाशी वाकून ओरडत होता, “अरे, पाणी सोड.”

“सोडलं ना,” वरून आवाज आला. “किती वेळा सांगू?”

पाइप कोरडा होता. वरच्यानं सोडलं होतं, खोटं बोलला नाही बिचारा. धबधब्यात सोडलं होतं. आणि भोंगा धार आत्ता येईल, मग येईल म्हणून वाट बघत राहिला. दोन जागा, दोन कामं, आणि शब्द एकच.

“आई, पाय वर घ्या.”

“अगं, आत्ता कुठं बरं वाटायला लागलंय.”

सुनेनं काखेत हात घालून तिला मागं ओढलं. पाय बाहेर आले ते लाल मोजे घातल्यासारखे. पोटरीवर रेघ आखल्यासारखी हद्द, वर सासूची नेहमीची कातडी, खाली ते. सासूनं वाकून पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं. “माझेच आहेत का हे?” तिनं हळू विचारलं.

कारखान्यात कुणी भाजलं की आधी वीस मिनिटं वाहतं गार पाणी, बाकी सगळं नंतर. सुनेनं शॉवर फिरवला. थेंब नाही. बेसिनचा नळ, थेंब नाही. सगळं त्याच एका पाइपवर. तिनं भोंग्याच्या कमरेचा वॉकीटॉकी ओढून घेतला.

“धबधबा बंद करा. इथं बाई भाजलीय.”

खरखर. मग, “साडेअकरापर्यंतची ऑर्डर आहे. साहेबांना विचारून सांगतो.”

“तू विचार. आम्ही येतो,” ती म्हणाली.

प्लॅस्टिकच्या खुर्चीत सासूला बसवलं. पुढून भोंगा, मागून सून. खाली धबधब्यापर्यंत पन्नासेक पायऱ्या, सगळ्या शेवाळलेल्या, आणि प्रत्येक पायरीवर फोटो काढणारी माणसं. भोंग्याचा आवाज त्या दिवशी कामी आला. गर्दी फाटत गेली. सासू खुर्चीचे हात धरून म्हणत होती, “हळू गं. पडले तर लोक म्हणतील सुनेनं ढकललं.”

धबधब्यापुढं बांधलेल्या दोरीशी शिपाई आडवा आला. “दोरीच्या आत जायला मनाई आहे.”

“मग दोरी तू धर,” सून म्हणाली, आणि खुर्ची त्याच्या डोक्यावरून गेली.

तिथं, तुमच्या महाधबधब्याखाली, दीडशे लोकांच्या कॅमेऱ्यांसमोर, सुनेनं सासूचे पाय मांडीवर घेतले आणि गार पाणी त्यांवरून वाहू दिलं. सासूचा लेक फोन खाली करून धावत आला. आपण कशाचा व्हिडिओ काढत होतो हे त्याला तेव्हा कळलं. सून मनात मिनिटं मोजत होती. तेरावं मिनिट सरलं आणि धबधब्याची धार बारीक झाली. साहेबांची परवानगी मिळाली होती. चाक डावीकडं फिरलं, आणि गार पाणी रिकाम्या कुंडात पडायला लागलं.

उरलेली सात मिनिटं सून, लेक आणि भोंगा डबक्यातलं पाणी ओंजळीनं ओतत होते.

तुमचा मॅनेजर दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आला. संत्री आणि छापील फॉर्म घेऊन. ‘पर्यटकाचा निष्काळजीपणा’ यापुढं खूण आधीच केलेली. “फक्त सही हवीय, ताई,” म्हणाला. सुनेनं सही केली नाही. खाली ‘आपले म्हणणे’ म्हणून दोन बोटांचा रकाना होता, त्यात तिनं लिहिलं: ‘अकरा वाजता पाणी कुठं सोडलं होतं?’

त्याला दीड महिना झाला. सासूच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. उरलेला पाय वाचेल असं डॉक्टर म्हणतात, पण सुनेच्या नजरेला नजर न देता म्हणतात. भोंग्याला तुम्ही कामावरून काढलंत. पाटी जागच्या जागी आहे, अकराचा धबधबाही चालू आहे. रोज वरून कुणीतरी सांगतं, सोडलं.

चाक कुणी फिरवलं ते विचारत नाही, ते आम्हाला माहीत आहे. खाली माणसं पाण्यात पाय घालून बसलेली असताना ते उजवीकडं फिरवायचं, हे कुणी ठरवलं? त्या पायांवर पाणी कुणी सोडलं? नाव लिहा, खाली सही करा, आणि आम्हाला पाठवा.