सांडूच्या नावावर

"कुणाच्या हातची हाय ही?" चतुराबाईनं मेंढीला कानाला धरून सगळ्यांच्या पुढ्यात ओढत आणलं. "सांगा की! कुणी कातरली?"

नदीकाठच्या लिंबाखाली कातरणीचं काम नुकतंच आटोपलं होतं. पावसाळ्याआधी वाडीतली सगळी मेंढरं एकाच दिवशी इथं आणून कातरायची, अशी जुनी पद्धत. दिवसभर वाकून बसलेले गडी कंबरेला हात लावून उभे राहत होते, बायका लोकर गोणपाटात भरत होत्या. चतुराबाईनं मेंढी उताणी केली तशी सगळी जवळ आली. कासेचं एक सड मुळापासून कापलं गेलं होतं. रक्त सुकून काळं पडलं होतं आणि त्यावर माशा घोंगावत होत्या.

"गाभण हाय ही," चतुराबाई म्हणाली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाच-सात मेंढरं हाच तिचा संसार. "आखाडात व्याईल. पिलू काय माझं दूध पिईल?"

मल्हारी जरा बाजूला बसून चिंधीनं कातर पुसत होता. त्याचे हात थांबले.

ती मेंढी त्याच्या हातची होती. गेल्या दिवाळीपासून त्याच्या डोळ्यांपुढं धुकं साचत चाललं होतं, आणि ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. डाव्या हाताची बोटं कातडीवरून पुढं सरकवायची आणि त्यांच्यामागून कातर चालवायची, असं अंदाजानं तो काम रेटत होता. दुपारी या मेंढीच्या पोटाखाली कातर गेली आणि तिनं एकदम झटका दिला. बोटांना ऊन ऊन ओलं लागलं. तो घाम नव्हता, हे वास येण्याआधीच त्याला कळलं. शेजारी बसलेला सांडू तेवढ्यात पाणी प्यायला नदीवर गेला होता. मल्हारीनं इकडं-तिकडं पाहिलं. पाहून दिसणार होतं काय म्हणा! मग घाईघाईनं मेंढीचे पाय सोडले. ती उठली ती थेट सांडूनं कातरलेल्या मेंढरांत जाऊन मिसळली.

"सांडूच्या मेंढरांत व्हती ही," कुणीतरी म्हणालं.

सांडू म्हणजे मल्हारीचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा, बानाबाईचा पाठचा भाऊ. कामाला चांगला, पण अधूनमधून घ्यायचा. आदल्या दिवशी करमाडच्या बाजारातून तो झुलत आलेला सगळ्या वाडीनं पाहिला होता.

"कालची उतरली नसंल अजून," काकासाहेब म्हणाले. ते पाटलांच्या घरातले, वाडीतली तंटे-भांडणं तेच मिटवायचे.

सांडू पुढं आला. मेंढीजवळ उकिडवा बसून त्यानं कापलेलं सड बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"माझ्याच हातून झालं आसंल," तो हळूच म्हणाला. "सकाळपून डोकं जड व्हतं. ध्यानातच आलं नाय. माफ कर, काकू."

आता बोलायचं, असं मल्हारीनं ठरवलं. तोंडसुद्धा उघडलं. पण मल्हारीनं कातरलेल्या मेंढीवर माशी बसत नाही, असं आजूबाजूच्या पाच गावांत बोललं जायचं. रझाकारांच्या धामधुमीत त्यानं सगळ्या वाडीची मेंढरं लाडसावंगीकडच्या डोंगरात नेऊन राखली होती, आणि पोलिस ॲक्शननंतर एकूण एक मेंढरू ज्याचं त्याच्या दारात आणून बांधलं होतं. तेव्हापासून वाडीत मल्हारीच्या शब्दाबाहेर कुणी जात नव्हतं.

"मल्हारी, तुझाच मेव्हणा हाय," काकासाहेब म्हणाले. "तूच सांग, काय करावं?"

"माणूस हाय," मल्हारी म्हणाला. "चुकतो. सोडून द्या."

हे शब्द आपल्या तोंडून कसे आले, ते त्याला पुढं कधीच कळलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मन असावं तर असं, असं कुणीतरी पुटपुटलं. आणि सांडूनं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू बुडत्याला कुणी काठावर ओढून घेतलं असावं. ती नजर मात्र मल्हारीला धुक्यातूनही दिसली.

घरी आल्यावर बानाबाईनं भाकरी वाढली आणि समोर बसून राहिली.

"धोतराला रगत हाय तुमच्या," ती म्हणाली.

मल्हारीनं हातातला घास खाली ठेवला.

"काढून द्या. धुते."

ती धोतर घेऊन नदीवर गेली. परत आली तेव्हा तिनं ते दोरीवर नीट झटकून टाकलं, टोकं ताणून सरळ केली आणि मेंढरांकडं निघून गेली. त्यानंतर त्या घरात दोघं बोलली ती पाण्याबद्दल, चाऱ्याबद्दल, आजारी कोकरांबद्दल. सांडूचं नाव निघालं की दोघांपैकी एकाला बाहेर काहीतरी काम आठवायचं.

सांडूला कातरायला बोलावणं बंद झालं. त्यानं बिरोबापुढं नारळ फोडून दारू सोडली, पण लोकांच्या मनातून उतरला तो उतरलाच. तेव्हा जालन्याच्या रस्त्याचं काम निघालं होतं, तिथं तो खडी फोडायला जाऊ लागला.

आखाडात चतुराबाईची मेंढी व्याली. दोन पिलं झाली. एका सडावर दोघांचं भागेना. धाकटं दोन-तीन दिवस ओरडलं आणि मेलं.

नंतर एकदा मल्हारी सकाळी मेंढरं घेऊन निघाला, तर पायवाटेवर समोरून कुणीतरी आलं आणि उभं राहिलं.

"कोण?" मल्हारीनं विचारलं.

"आवो, मी. वळखलं नाय व्हय, दाजी?"

"ऊन आलं डोळ्यावर."

"आभाळ भरलंय की सगळं," सांडू हसला. मग हातातला तांब्या जपत बाजूच्या दगडावर टेकला. "शेळीचं दूध हाय. चतुराकाकूच्या पिलाला नेतो. एक तर गेलं, दुसरं तरी जगवावं म्हणलं."

"रोज नेतो?"

"मग? रस्त्याच्या कामावर जायच्या आधी पाजून जातो. आता वळखतंय मला. लांबून पाहिलं की उड्या मारतंय." त्यानं तांब्यावरचं फडकं नीट केलं. "दाजी, एक इचारू? तुमच्या हातून झालं का कधी आसं? एखादबार तरी?"

मेंढरं पुढं जाऊन कुणाच्या तरी बांधावर तोंड घालत होती. मल्हारीनं त्यांना हाक दिली. उगाचच दिली, मोठ्यानं दिली.

"नाय," मग तो म्हणाला.

"तेच म्हणतो मी," सांडू उठला. "ज्याला जमत नाय, त्यानं कातर हातात धरूच नाय. माझी कातर आक्काकडं देऊन आलोय. तुमच्या कामाला येईल. पात्याला पाणी चांगलं हाय तिच्या."

तो निघून गेला. मल्हारी कितीतरी वेळ तिथंच उभा राहिला. शेवटी ज्याच्या बांधावर मेंढरं शिरली होती तो शेतकरी शिव्या देत धावत आला. मल्हारीनं त्या मान खाली घालून ऐकून घेतल्या. आणखी चार दिल्या असत्या तरी त्याला चालल्या असत्या.

दसरा झाला आणि पुन्हा लिंबाखाली कातरणी बसली. या खेपेला सांडू पाय धरायला आला होता. मेंढी आडवी पाडायची, पाय घट्ट धरायचे, झालं की सोडायची. हे काम म्हाताऱ्यांचं नाहीतर शिकाऊ माणसाचं. तो ते मुकाट्यानं करत होता.

मल्हारीनं सकाळपासून अगदी थोडी मेंढरं कातरली होती. नजर तर आता पार गेल्यासारखीच झाली होती. "वय झालं," असं म्हणून लोकांनीच त्याला सावकाश करायला सांगितलं होतं. दुपारी चतुराबाई तीच मेंढी घेऊन त्याच्यापुढं आली.

"भाऊ, ही तूच घे. दुसऱ्या कुणाच्या हाती मी देत नाय आता." आणि मग सांडूकडं न बघता म्हणाली, "धर रं पाय."

सांडूनं पाय धरले. मल्हारीनं पाठ कातरली, एक कूस कातरली. मग त्याची बोटं पोटाखाली सरकली आणि कासेवर आली. एका बाजूला सड होतं. दुसऱ्या बाजूला नुसती गाठ, कडक आणि गुळगुळीत. बोटं तिथून हलेनात.

"दाजी, काय झालं?" सांडूनं विचारलं. "आवळून धरू का?"

मल्हारीनं कातर खाली ठेवली.

"ही म्या कापली व्हती," तो म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. आजूबाजूच्या कातरी एकेक करून थांबल्या.

"सांडूनं नाय. म्या कापली. मला दिसत नाय."

काकासाहेब जवळ आले आणि त्यांनी मल्हारीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मेव्हण्यासाठी जीव तुटतो, ते कळतं मल्हारी. पण दुसऱ्याचं पाप आसं अंगावर घेऊ नाय."

"दाजी, नका," सांडू मेंढीचे पाय न सोडता म्हणाला. "माझं माझ्यापाशी राहू द्या. तुम्ही बोललात, त्येच लई झालं."

"देवमाणूस हाय," मागं एक बाई दुसरीला म्हणाली.

मल्हारीला वाटलं, आता धरणी फाटावी. लाज वाटून वाटून त्यानं एवढे महिने काढले, ती आज सगळ्यांपुढं काढून ठेवली, तर लोक तिलाच हार घालायला निघाले होते. "मी खोटं बोललो व्हतो रं," तो म्हणत राहिला, आणि लोक त्याला पाणी आणायला धावले.

"खरं बोलतेत ते."

लोकरीच्या ढिगाशी बसलेली बानाबाई उभी राहिली होती. तिच्या पदराला, केसांना लोकर चिकटली होती.

"त्यांच्या धोतराला रगत व्हतं. म्या धुतलं."

पाणी घेऊन येणारा गडी वाटेतच थांबला. सांडूनं मल्हारीकडं पाहिलंच नाही. तो बहिणीकडं बघत होता.

"तुला ठावं व्हतं, आक्का?"

ती पदरावरची लोकर वेचू लागली.

"त्या दिशीपून?"

"व्हय."

"मी दूध नेत व्हतो, तुझ्या दारावरून. तू म्हणायची, सांभाळून जा, वाट निसरडी हाय."

बानाबाईनं पदर तोंडावर घेतला.

सांडूचे हात मेंढीच्या पायांवर तसेच होते. मल्हारी वाट बघत होता, की हा आता उठेल, शिवी देईल, मारेलसुद्धा. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण सांडू बसून राहिला. शेवटी चतुराबाईच वाकली. तिनं जमिनीवरची कातर उचलली आणि सांडूपुढं धरली.

"घे बाबा," ती म्हणाली. "मेंढी अर्धीच ऱ्हायलीय माझी."

सांडूनं कातर घेतली. मल्हारी सरकला आणि चाचपत त्यानं मेंढीचे पाय धरले. त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत सांडूनं मल्हारीच्या वाटणीची सगळी मेंढरं कातरली आणि मल्हारीनं पाय धरले. "वळवा," सांडू म्हणायचा. "सोडा." त्यापलीकडं एक शब्द नाही. दाजीसुद्धा नाही.

मल्हारीला वाडीनं वाळीत टाकलं नाही. कुणी टोमणाही मारला नाही. फक्त तो पारावर आला की चाललेलं बोलणं जरा हळू व्हायचं, आणि कुणीतरी त्याला उगाचच नीट जागा करून द्यायचं. सांडूला मात्र पार वैजापूरकडून कातरायला बोलावणी येऊ लागली.

दिवाळी आली. भाऊबीजेला बानाबाईनं अंगण सारवलं, पाट मांडला, कणकीच्या करंज्या केल्या. सांडूचं घर हाकेवर. दर वर्षी तो ऊन तापायच्या आतच यायचा. दुपार टळली. चतुराबाई दारावरून जाताना थांबली, पाट बघितला आणि म्हणाली, "नदीकडं दिसला मला. मेंढरं घेऊन." मग अवघडल्यासारखी पुढं गेली.

दिवस मावळला. बानाबाई निरांजन लावलेलं ताट घेऊन अंगणात आली.

"मी जाऊन बोलावू त्याला?" मल्हारीनं विचारलं. "पाय धरतो."

"नका. येईल तवा त्याच्या मनानं येईल." ती अंगणाच्या कडेला, उघड्यावर जाऊन उभी राहिली. "भाऊ आला नाय तर चंद्राला ओवाळत्यात. रीत हाय तशी."

बीजेची कोर लवकर मावळते. मल्हारी उठून तिच्या शेजारी गेला आणि ती जिकडं तोंड करून उभी होती तिकडं त्यानंही तोंड केलं.

"दिसती का वो कोर?" तिनं विचारलं. सवयीनं विचारलं असावं.

"नाय," मल्हारी म्हणाला. "तू ओवाळ."

तिच्या हातातली ज्योत तेवढी त्याला दिसत होती, पिवळट, पसरट. ती एकदा फिरली, थांबली, आणि पुन्हा फिरू लागली.