धुतलेल्या पायऱ्या

"नवसाबाई, खालच्या पायरीवर अजून डाग हाय. जरा जोर लाव की!" सरपंच कोंडाजी व्हरांड्यातून ओरडले.

डाग शेवाळाचा होता. इगतपुरीकडच्या पावसात चार महिने भिजलेला दगड एका सकाळीत उजळत नसतो. पण हे सरपंचाला कोण सांगणार? नवसाबाई वीस वर्षं अंगणवाडीची मदतनीस होती. पोरांची नाकं पुसायची, सुकडी शिजवायची आणि शाळेच्या पायऱ्या धुवायच्या. शेवटचं काम कुणी सांगितलेलं नव्हतं, ते आपोआप गळ्यात पडलं होतं. तिनं काथ्याला राख लावली आणि पुन्हा घासायला घेतलं.

दहा वाजता परदेशातले चार खासदार येणार होते. गेल्या वर्षी काश्मीरची निवडणूक बघून गेलेलेच हे लोक. बंदुकांच्या धाकातही माणसं मत द्यायला येतात याचं त्यांनी आपल्या संसदेत तोंडभरून कौतुक केलं होतं, अभिनंदनाचा ठरावसुद्धा करून घेतला होता. आता नाशिकच्या एका संस्थेनं त्यांना खेडं दाखवायचं ठरवलं आणि कोंडाजींनी लगेच आपलं गाव पुढे केलं. गावात दाखवण्यासारखं होतं तरी काय? नवसाबाई होती. तिचा एकुलता एक मुलगा, फौजेतला नाथा, त्याच निवडणुकीत, मतदान केंद्राच्या दारात पहारा देताना, स्फोटात गेला होता.

त्याची शवपेटी सीलबंद आली होती. उघडू नका, असं बजावलेलं. बरोबर आलेल्या साहेबांनी सांगितलं, झटक्यात गेला, काही कळलंसुद्धा नसेल. तेवढ्यावर तिनं मन आवरलं असतं. पण तेराव्याला नाथाचा सिन्नरचा जोडीदार लखन आला आणि जेवताजेवता त्याच्या तोंडून निसटलं, "अर्धा तास जीव होता, मावशी. शाळेच्या पायरीवर पडून पाणी पाणी करत होता. मी गच्चीवर. जागा सोडायचा हुकूम नव्हता. कोणी दिलं का नाय, मला नाय दिसलं."

त्या दिवसापासून नवसाबाईच्या मनात दुसरं काही उरलं नाही. तिनं सासूच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं होतं, नवऱ्याच्या घातलं होतं. जिच्याशी जन्मभर बांधावरून भांडली, त्या शेजारणीच्या तोंडातही घातलं होतं. अन् पोटच्या पोराला कोणी घातलं की नाही, हेच तिला माहीत नव्हतं. तिनं दोनदा पलटणीला पत्र लिहून घेतलं. उत्तर आलं ते शौर्याबद्दल. म्हणून आज ती आली होती. हे लोक तिथं जाऊन आलेत, त्यांना कुणीतरी सांगितलं असेल, एवढीच तिची आशा.

संस्थेच्या कागदावर लिहिलं होतं, शहीद जवानाच्या मातोश्रींच्या हस्ते औक्षण. कागद लिहिणाऱ्याला काय ठाऊक, मातोश्री विधवा आहेत ते. नवसाबाईनं ताट हातात घेतलं तसे कोंडाजी धावत आले.

"अगं, तुझ्या हातनं कसं? शुभ काम हाय ते!" त्यांनी ताट काढून घेतलं आणि आपल्या बायकोकडे दिलं. "तू पाणी दे पाव्हण्यांना. आन रडायचं नाय हां. फोटो रडका येतो."

गाड्या आल्या. कुंकू लागलं, लेझीम झालं. नवसाबाई घासून लखलखीत केलेला पितळी पेला घेऊन पुढे झाली. पाहुण्यांमधल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी पेल्याकडे पाहिलं, छातीवर हात ठेवून गोड हसल्या आणि पिशवीतली आपली बाटली दाखवली. पेला तसाच राहिला.

घोटीच्या शाळेतले इंग्रजीचे दीपक सर दुभाषे होते. त्यांनी नवसाबाईची ओळख करून दिली. बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलायचं.

"सर," नवसाबाई म्हणाली, "यांना इचारा ना, माझ्या नाथाला मरताना पाणी कोणी दिलं का."

कोंडाजींनी डोळे वटारले. "ठरलंय तेवढंच बोल!"

दीपक सर घुटमळले. मग इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलले. त्यात नाथाचं नाव आलंच नाही, हे नवसाबाईच्या कानांनी बरोबर टिपलं. बाईंनी मान डोलावली आणि आपल्या अहवालाचं गुळगुळीत पुस्तक तिला भेट दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिनं पान उलटलं. फोटोत एक शाळा होती. पायऱ्यांवर डोक्याला रुमाल बांधलेल्या बायांची रांग.

"कोणतं गाव, सर?"

सरांनी फोटोखालचं नाव वाचलं. नाथा पडला त्या गावाचं ते नाव तिला तोंडपाठ होतं. "आणि पुढे लिहिलंय, शांततेत मतदान," सर म्हणाले.

नवसाबाईची नजर रांगेवर नव्हतीच. पायऱ्या काळपट ओल्या होत्या. कोपऱ्यात बादली अन् खराटा. रांगेतल्या बाया घोट्यापर्यंत सलवार उचलून उभ्या. असल्या पायऱ्या तिनं जन्मभर केल्या होत्या.

"ह्या आताच धुतल्यात," ती म्हणाली. "इचारा, कशापायी धुतल्या?"

हा प्रश्न निरुपद्रवी होता. दीपक सरांनी हायसं वाटून तो विचारला. बाईंचा चेहरा उजळला. त्या उत्साहानं बोलू लागल्या आणि सर वाक्यामागून वाक्य मराठीत करत गेले.

"त्या म्हणतायत, आम्ही दहाला पोचलो... आमच्या स्वागतासाठी गावानं पायऱ्या धुतल्या होत्या... पाण्याचा अख्खा टँकर मागवला होता म्हणे... एवढ्या अडचणीतही एवढी स्वच्छता, आम्हाला फार..." सर मध्येच थांबले. त्यांच्या लक्षात आलं.

नाथा त्याच पायऱ्यांवर सकाळी साडेसातला पडला होता.

"म्हंजे पाणी व्हतं तिथं," नवसाबाई म्हणाली.

सरांनी त्याचं इंग्रजी केलं नाही. बाई अजून हसत उत्तराची वाट पाहत होत्या. कोंडाजींनी हाक मारली, द्राक्षाचा बाग दाखवायचा राहिला होता. पाहुणे गाड्यांत बसले, धुरळा उडाला आणि पटांगण रिकामं झालं.

नवसाबाई खालच्या पायरीशी बसली. पुस्तक बाजूला ठेवलं. पेल्यात बोटं बुडवून तिनं पायरीच्या कडेवर थेंब सोडला. मग दुसरा. घसा कोरडा पडलेल्या माणसाला घालतात तसं, बेताबेतानं.

"अगं, आत्ता कुठं सुकलीय, परत ओली करू नको!" खुर्च्या उचलता उचलता कोंडाजी ओरडले. "संध्याकाळी पेपरवाले फोटो काढायला येणार हायेत."

पेल्यातलं पाणी संपेपर्यंत ती थांबली नाही.